पेटी (हार्मोनियम) दुरुस्ती, ठाण्यात जांभळी नाक्याजवळ: काम एक नंबर, दिलेल्या तारखेवर मात्र विसंबू नका

आधीच सांगते, दुकानाचं नाव मी लिहिणार नाहीये, कारण दुरुस्ती करणाऱ्या काकांनीच हात जोडून सांगितलंय की बाई नाव-नंबर काही टाकू नका, आहे तेच काम उरकत नाही. त्यामुळे हा रिव्ह्यू वाचून कोणाला जायचं असेल तर जांभळी नाक्याला रिक्षातून उतरा, बाजाराच्या आतल्या गल्लीत शिरा आणि कुठल्याही पूजेच्या सामानवाल्याला विचारा की पेटीवाले काका कुठे बसतात, तो हातातलं काम न सोडता नुसती मान वर करून माडी दाखवेल. खाली पाटी नाही. जिना अरुंद आहे आणि पेटी घेऊन चढायचा म्हणजे दोघं लागतात, एकाने पुढून धरायची, दुसऱ्याने मागून "सावकाश सावकाश" म्हणायचं.

मी कोण तर मी प्राथमिक शाळेत संगीत शिकवते, नौपाड्याकडच्या एका मराठी शाळेत, पहिली ते चौथी, आठ तुकड्या, आठवड्याला १६ तास, तास ३५ मिनिटांचा ज्यातली ७ मिनिटं "बाई हा मला ढकलतोय" मधे जातात. २७ वर्षं झाली. गांधर्व महाविद्यालयाची विशारद आहे हे सांगायचं कारण एवढंच की पुढे जे सांगणार आहे ते वाचून कोणी म्हणू नये की बाईंना सूरच कळत नसेल. कळतो हो. तरी झालं.

झालं असं की ऑगस्टमधे आंतरशालेय समूहगीत स्पर्धा होती. तिसरी ब ची १२ मुलं घेतली होती, दीड महिना रोज मधल्या सुट्टीत बसवलं होतं गाणं, वर्गात इतकं छान म्हणायची की शिपाईमामा दारात येऊन उभे राहायचे. स्पर्धेत पेटी आयोजकांची होती. आणि पहिल्याच ओळीत गंधार (सारेगम मधला ग) आला आणि बाराच्या बारा मुलं सुराच्या खाली. एखाददुसरं नाही, बाराच्या बारा, अगदी एकाच जागी, जणू ठरवून. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं "एकसंधपणा उत्तम, गंधार उतरलेला". मी मनात म्हटलं स्टेज बघून घाबरली असतील, घरी जाऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी वर्गात तेच गाणं आमच्या पेटीवर घेतलं तर एकदम सुरात. आता घाबरली म्हणावं तर घाबरणारा सगळ्याच सुरांना घाबरतो ना, नेमका गंधारालाच कशाला घाबरेल? तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मोबाईलवर ट्यूनरचं ॲप टाकलं (मुलीने टाकून दिलं), काळी एकचा (सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीचा) सा धरला तर शुद्ध गंधार येतो पांढरी चारवर, ती पट्टी मधल्या सप्तकात दाबली तर काटा सरळ डावीकडे, २२ सेंट. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, एका पट्टीपासून शेजारच्या पट्टीपर्यंत १०० सेंट धरतात, म्हणजे जवळपास एक श्रुतीभर (श्रुती म्हणजे कानाला कळणारा सुरातला बारीक फरक) सूर उतरलेला. आणि मी त्याच पेटीवर रोज गात होते, माझा गळा पेटीला जाऊन चिकटत होता आणि पोरांचा माझ्या गळ्याला.

त्या रात्री मला खरंच झोप लागली नाही. नवऱ्याचं म्हणणं "अगं तिसरीतली मुलं आहेत, कोण ऐकतंय". कोण ऐकतंय काय, मी ऐकतेय ना.

आता जरा मागचं सांगते. मागच्या मे महिन्यात हीच पेटी मी दुसऱ्या एका दुकानात ट्यूनिंगला दिली होती, त्याचंही नाव लिहीत नाही. तिथे चकाचक शोरूम, एसी, बिल पक्कं, २,५०० रुपये घेतले आणि दोन दिवसात परत दिली, वरून पॉलिश मारून. पेटी दिसायला नवरीसारखी. वर सल्ला दिला की मॅडम शाळेसाठी इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड घ्या, मेंटेनन्स नाही. कीबोर्डचं मला वावडं नाहीये, पण आमच्या वर्गात प्लगपॉइंट एकच आहे तो पंख्याच्या रेग्युलेटरच्या मागे आणि त्यातून ठिणगी येते. शिवाय पेटीचं एक आहे, खाली मांडी घालून बसलं, डाव्या हाताने भाता उजव्या हाताने पट्ट्या, की तोंड आणि डोळे पोरांसाठी मोकळे राहतात. मुळात हे वाद्य युरोपातलं, पॅरिसच्या दबॅं नावाच्या वाद्य बनवणाऱ्याने १८४२ च्या सुमारास पेटंट घेतलं तेव्हा ते टेबलासारखं होतं, खुर्चीवर बसून पायाने हवा मारायची. आपल्याकडे कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी भाता मागे लावून ते जमिनीवर आणलं. कुठल्या मैफलीसाठी आणलं असेल ते असो, माझ्या दृष्टीने पहिली अ साठीच आणलं.

तर काकांकडे. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, तो आता भजनी मंडळात वाजवतो. शनिवारी शाळा सुटल्यावर शिपाईमामांना घेऊन रिक्षाने गेले. तलावपाळीपासून जो ट्रॅफिक लागला तो लागलाच, शेवटी मामांनी पेटी खांद्यावर घेतली आणि आम्ही चालत गेलो. पार्किंगबिर्किंग विसरा.

माडीवर एक खोली, चारही भिंतींना पेट्या, काही नुसत्या सांगाड्याच्या, काहींची पट्ट्यांची कवळी बाहेर काढून ठेवलेली, मधे काका बसलेले, सत्तरीच्या आसपास, चष्मा दोऱ्याने बांधलेला. मूळचे सिंधुदुर्गातले, वडील दशावतारात पायपेटी वाजवायचे. मी काय बिघडलंय ते सांगायला लागले तर त्यांनी हातानेच थांबवलं. एकही पट्टी दाबली नाही. नुसता भाता भरला, सोडला आणि बघत बसले. पाच मोजेपर्यंत भाता खाली. मग म्हणाले, "ह्या पेटीक आवाज आसा, दम नाय." आणि लगेच विचारलं, "बाई, खर्जाचा नॉब बंद ठेवून वाजवता ना?"

मी उडालेच. हो म्हटलं, दोन्ही सूर उघडले की हवा पुरत नाही, हात दुखतो, म्हणून वर्षभर एकाच सुरावर वाजवतेय. मग त्यांनी जे समजावलं ते असं. आमची पेटी ३९ पट्ट्यांची, डबल सुरांची, म्हणजे प्रत्येक पट्टीखाली दोन पितळी जिभा, एक खर्जाची म्हणजे खालच्या सप्तकाची आणि एक नराची म्हणजे त्याच्या वरच्या सप्तकाची, एकूण ७८. दोन्ही सुरू असतात तेव्हा त्यातली एक जरी उतरली तरी दोन आवाज एकमेकांवर आपटून थरथर ऐकू येते, कोणालाही येते, कान तयार असायची गरज नाही. पण भाता फाटलेला, म्हणून मी खर्ज बंद केला, खर्ज बंद म्हणून थरथर नाही, थरथर नाही म्हणून मला काही कळलं नाही. गंधार उतरला होता पण त्याची तक्रार करणारं कोणी उरलं नव्हतं. भात्याला पडलेल्या भोकाचा परिणाम तिसरी ब च्या गळ्यात, हे एवढं सरळ कोणी मला २७ वर्षांत सांगितलं नव्हतं.

मग त्यांनी ती पट्टीखालची जीभ काढून भिंगाखाली धरली आणि मला बघायला लावली. मुळाशी आडवा ओरखडा आणि त्यातून केसाएवढी चीर गेलेली. सूर चढवायचा तर जीभ टोकाशी घासतात, टोक हलकं झालं की भराभर हलतं, सूर वर जातो. उतरवायचा तर मुळाशी घासतात. पण मुळाशी आडवं खरवडलं की तिथेच ताण येतो आणि वाजून वाजून चीर पडते, आणि चीर पडलेली जीभ तुटायच्या आधी महिनोन्महिने हळूहळू उतरत जाते. म्हणजे मागच्या मे मधल्या त्या एसी दुकानातली कानस हो. काकांनी त्या दुकानाबद्दल एक शब्द वाईट काढला नाही, फक्त पॉलिशवरून बोट फिरवलं आणि म्हणाले "पॉलिश चांगलं केलंय".

पण मला खरं जे आवडलं आणि ज्यासाठी हा रिव्ह्यू लिहायला बसले ते पुढे आहे. इतर ठिकाणी विचारतात सिंगल की डबल, जिभा गुजरातच्या पालिताण्याच्या की कुठल्या, बजेट किती. काकांनी विचारलं, मुलं कितवीतली? किती? खाली बसतात की बाकावर? कुठल्या पट्टीत घेता? मी सांगितलं की पहिलीला पांढरी दोन, तिसरी-चौथीला काळी एक. ते म्हणाले बरं झालं, नाहीतर बऱ्याच शाळांत बाई स्वतःच्या काळी पाचला गातात आणि पोरं एकतर वर चिरकतात नाहीतर खाली घोगरतात. (हे मी पण पहिली तीन वर्षं केलंय. तेव्हाच्या मुलांची माफी.) मग म्हणाले, मैफलीच्या पेटीचा आवाज गोल, गोड ठेवायचा असतो, गाणाऱ्याच्या मागे राहील असा. तुमची पेटी ५५ पोरांच्या वर गेली पाहिजे, मी मोकळी ठेवतो, थोडी करडी लागेल, चालेल ना? चालेल काय, पळेल.

आणि मग विचारलं की वर्गात पेटी ठेवता कुठे. म्हटलं फळ्याखाली. काका हसायलाच लागले. उघडून दाखवलं, सगळ्या मधल्या सप्तकावर पांढरी पावडर, खडूची. भात्यातून हवेबरोबर आत जाते, जिभेच्या टोकाला बसते, टोक जड होतं, सूर उतरतो. २७ वर्षं मी पेटी फळ्याखाली ठेवतेय! खडू डस्टर आणि मी, आम्ही तिघांनी मिळून ती पेटी मारत आणली होती. काकांनी भात्याच्या हवेच्या भोकांना आतून पातळ मलमल लावून दिली आणि सांगितलं की पेटी खिडकीच्या बाजूला, पण पावसाळ्यात खिडकीपासून लांब. ठाण्याच्या पावसाळ्यात लाकूड फुगून पट्ट्या अडकतात हे तर मला माहीत होतं, जुलैमधे आमची एक काळी पट्टी दाबली की वर यायला स्नेहसंमेलन उजाडायचं.

पेटीतून निघालेल्या वस्तूंची पुडी करून दिली त्यांनी: खडूचे तुकडे, शार्पनरचं पातं, दोन टिकल्या, लिमलेटच्या गोळीचा कागद आणि एक दुधाचा दात. दात कोणाचा ते कळायला मार्ग नाही. पट्ट्यांखालचं चामडं कसरीने खाल्लेलं होतं तेही बदललं.

आता तक्रारी. आठ दिवस सांगून १९ दिवस लावले. गणपती तोंडावर होते आणि सगळ्या भजनी मंडळांच्या पेट्या रांगेत, मला मान्य आहे, पण मग आठ दिवस सांगायचंच कशाला? फोन उचलत नाहीत. तिसऱ्यांदा जिना चढून गेले तेव्हा माझी पेटी उघडी होती आणि काका म्हणाले नवीन जीभ बसवली की चार दिवस वाजवून परत बघावी लागते, ती जागेवर बसते आणि सूर हलतो, घाईत दिली तर महिन्यात परत याल. हे पटलं, पण हे फोनवर सांगता आलं असतं.

ते १९ दिवस कसे गेले ते मला विचारा. मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप लावलं तर पहिल्या बाकापुढे ऐकू जाईना. परिपाठाला राष्ट्रगीत, राज्यगीत (२०२३ पासून तेही रोजचं झालंय), प्रार्थना, सगळं पेटीशिवाय, सुरुवात काळी एकला आणि शेवट पांढरी तीनला. माझा घसा आधीच गेलेला, डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठी सांगितल्यात, ओरडू नका म्हणाले, मी म्हटलं डॉक्टर तुम्ही एकदा दुसरी अ ला शनिवारचा शेवटचा तास घेऊन बघा. खरं सांगायचं तर पेटी हा माझा अर्धा घसा आहे. लॉकडाऊनमधे ऑनलाईन शिकवलं तेव्हा हे चांगलं कळलं, आवाज पुढेमागे पोचतो त्यामुळे एकत्र गाता येतच नाही, सगळ्यांना म्यूट करून मी एकटी गात बसायची आणि स्क्रीनवर ४० तोंडं आवाजाशिवाय उघडमीट करायची. कोण सुरात आहे कोण नाही काही कळायचं नाही. तसले तास आयुष्यात परत नकोत.

दुसरी तक्रार बिलाची. काका वहीच्या पानावर लिहून देतात, रबरी शिक्का मारतात, जीएसटी वगैरे काही नाही. एकूण ३,८०० झाले: ७८ सुरांची सफाई आणि ट्यूनिंग, एक नवीन जीभ, भात्याचे कोपरे नव्याने चिकटवणं, चामडं. कामाच्या मानाने काहीच नाही. पण शाळेच्या क्लार्कने ते पान हातात धरून असं बघितलं जणू मी पानाला कात लावून आणलंय. मोठ्या बाईंनी शेवटी किरकोळ खर्चातून २,००० काढून दिले, बाकीचे माझे. शाळेला दोष देत नाही, आमचं गणितच तसं आहे. शिक्षण हक्क कायद्यात कलाशिक्षणाला अर्धवेळ निदेशक द्यायची तरतूद आहे ती सहावी ते आठवीला, तीही १०० च्या वर मुलं असतील तर, पहिली ते पाचवीसाठी नाहीच. म्हणजे मी संस्थेच्या मर्जीवर आणि मानधनावर. घटक चाचणी आली की गणिताच्या बाई "तुझा तास घेऊ का गं" म्हणून येतात, विचारतात तेवढा चांगुलपणा. आणि पालकसभेत आजवर मला विचारलेला सगळ्यात जास्त प्रश्न म्हणजे "रिॲलिटी शोच्या ऑडिशनचं काही कळतं का हो तुमच्याकडे?"

काका हे सगळं ऐकून घेत जीभ घासत होते. मग म्हणाले, पेटीला तर आकाशवाणीनेच १९४० ते १९७१ बाहेर ठेवलं होतं, मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) येत नाही, श्रुती येत नाहीत म्हणून, तेव्हा काय पेट्या बंद पडल्या? घराघरात वाजतच होत्या. त्यांना त्यातून मला धीर द्यायचा होता की ते नुसतंच सांगत होते ते कळलं नाही. पण खरं आहे, माझ्या वर्गात मींड घेणारं कोणी नाही, सा वर सा लावला तरी पेढे वाटेन.

कोणी जाऊ नये तेही सांगते. ज्यांना कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पेटी हवीये त्यांनी जाऊ नका. ज्यांना पॉलिश हवंय त्यांनीही नको, काका लाकडाला हातच लावत नाहीत, आमच्या पेटीवर कंपासने कोरलेलं एक नाव आहे ते तसंच ठेवलंय. स्केल चेंजरवाल्या (पट्ट्या सरकवून सा बदलता येणाऱ्या) महागड्या पेट्या घेतात पण नाक मुरडून. जाताना पेटी जुन्या चादरीत बांधून न्या, गल्लीत मालाच्या हातगाड्यांचे धक्के बसतात. ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या सुरुवातीला जा, गणपती-नवरात्र संपलेलं असतं आणि लग्नसराई सुरू व्हायची असते. आणि गेल्यावर स्वतः रोग सांगू नका, त्यांना भाता मारू द्या.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या १९ दिवसांचा कापला.

पेटी परत आली त्या दिवशीचं राहिलंच. तिसरी ब ला मुद्दाम तेच स्पर्धेचं गाणं घेतलं, दोन्ही नॉब उघडे, भाता असा भरलेला की हात नुसता टेकला तरी पुरे, पेटी खरंच ५५ जणांच्या वर ऐकू येत होती. गंधार आला. सगळा वर्ग जुन्याच जागी, पेटी वर आणि पोरं खाली, आणि पहिल्या बाकावरची एक चिमुरडी हात वर करून म्हणते, "बाई, पेटी चुकतेय."

तेव्हापासून रोज पहिली पाच मिनिटं नुसता सा आणि ग. बरेचसे आलेत वर. चौघं अजून जुनाच लावतात, त्यांना मी मागच्या बाकांवरून उठवून पेटीला टेकून बसवलंय.